वरून फिरणाऱ्या यानाला खालची हवा कशी कळते? आणि मंगळयानाचा मिथेन सेन्सर खरंच वाया गेला का?

विजापूरवेस
नमस्कार मंडळी. विज्ञानाच्या विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.
माझी लेक अकरावीला आहे. गेल्या आठवड्यात कॉलेजात अंतराळावर व्याख्यान झालं. पाहुण्यांनी मंगळयानाचं तोंड भरून कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, "मिथेन सेन्सर मात्र फेल गेला." पोरगी घरी आली ती तोंड पाडूनच. रात्री जेवताना मला विचारते, "आई, ते यान मंगळाच्या हवेत उतरलंच नाही. वरून फिरत राहिलं. हवेचा एक थेंबसुद्धा हाताला लागला नाही, मग तिच्यात कुठला वायू आहे हे ओळखणार कसं? आणि ओळखता येत असेल तर याच सेन्सरला का नाही आलं?"
मी मराठी शिकवते. इन्फ्रारेड, स्पेक्ट्रोमीटर हे शब्द माहीत आहेत, पण तिला पटेल असं सांगता आलं नाही. इथे जाणकार बरेच आहेत. शक्यतो आपल्या सोलापूरकडच्या भाषेत सांगा, मी तिला शब्दन्‌शब्द वाचून दाखवणार आहे.

कडकभाकरी
ताई, धागा आवडला. मला यातलं काही कळत नाही, पण शेंगाचटणी आणि पोत्याएवढी उत्सुकता घेऊन बसलोय.

मूळ_बार्शीचा
वातावरणशास्त्र हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
गरम असलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बाहेर टाकत असते. चुलीवरून उतरवलेला तवा काळा दिसतो, तरी वीतभर लांबून गालाला धग लागते. ती धग म्हणजेच इन्फ्रारेड, मराठीत अवरक्त. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून पाडला आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा तिथेही चढला. सुरुवात तिथून झाली.
मंगळाची जमीनही अशी धग वर फेकते. वाटेत हवा आहे, आणि त्या हवेत जवळजवळ ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्याचे रेणू ठरावीक लयीतच थरथरतात. १५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीची धग त्यांच्या लयीशी जुळते, म्हणून ती ते गिळतात आणि बाकीची बरीचशी वर जाऊ देतात. यान वरून तरंगलांबीनुसार धग मोजत जातं, तेव्हा १५ मायक्रॉनला आलेखात खड्डा पडलेला दिसतो. ओझोनचा खड्डा ९.६ ला, मिथेनचा ३.३ ला. प्रत्येक वायूच्या खड्ड्यांची जागा ठरलेली असते आणि ती पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आधीच मोजून ठेवलेली असते. म्हणून हवेला हात लावावा लागत नाही.
यापुढची गोष्ट मला सगळ्यांत सुंदर वाटते. १९७१ च्या नोव्हेंबरात मरिनर ९ मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला होता. कॅमेऱ्यांना मोठ्या ज्वालामुखींचे माथे तेवढे दिसत होते. पण यानावर आयरिस नावाचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे तरंगलांबीनुसार धग मोजून आलेख काढणारं यंत्र होतं, आणि त्याला त्या धुळीतही भरपूर काम होतं. धूळ सिलिकेटची आहे, म्हणजे आपल्या वाळू-दगडाच्या जातीची, हे त्याने ओळखलं. मग दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाचे आलेख आले. तिथे १५ मायक्रॉनला खड्डा नव्हता, उंचवटा होता!
कारण साधं आहे. जमीन गरम आणि वरची हवा गार असेल तर खड्डा पडतो. जमीन हवेपेक्षा गार असेल तर हवाच जास्त धग देते, आणि त्याच जागी उंचवटा येतो. म्हणजे कुठला वायू आहे एवढंच नाही, तर हवा खालच्या जमिनीपेक्षा गरम आहे की गार, हेही त्या एका रेघेत वाचता येतं.

अक्कलकोटरोड
बार्शीकर, उंचवट्याचं वाचून पहिल्यांदा आपली डिसेंबरची पहाट आठवली. सहाच्या सुमाराला एमआयडीसीकडे निघालो की धुराचा थर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर चादरीसारखा पसरलेला असतो. जमीन गारठलेली आणि वरची हवा उबदार, म्हणून धूर वर चढतच नाही. हेच ना ते?

मूळ_बार्शीचा
अगदी हेच. त्या पहाटे सोलापूरवर यान असतं तर त्याला खालचा थर जमिनीपेक्षा गरम भरला असता.

पाणी_कधी_येणार
सगळं वाचलं, छान लिहिलंय. पण मनातलं बोलतो, राग मानू नका. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. काल रात्री दोन वाजता आलं, आई उठली, बॅरल भरताना पाय घसरला. मनगटाला प्लॅस्टर आहे. अशा गावात मंगळावरच्या मिथेनवर एवढी चर्चा बघितली की जीव जळतो. ४५० कोटी रुपये लागले त्या यानाला.

विजापूरवेस
दादा, आधी आईंची काळजी घ्या. आमच्याकडेही पाण्याची तीच गत आहे. तुमचा राग मला परका नाही.

नान्नजकर
पाणीवाले दादा, मी शेतकरी, द्राक्षबाग आहे. पाण्याचं दुःख मला सांगायला नको. पण हे तंत्र फक्त मंगळासाठी नाही. इन्सॅट ३डी, जो २०१३ च्या जुलैत सोडला, त्याच्यावर साउंडर आहे. १८ चॅनेल इन्फ्रारेडचे, एक दृश्य प्रकाशाचा. कुठल्या उंचीला किती उष्ण, किती बाष्प, हे असा साउंडर ३६ हजार किलोमीटरवरून वाचतो. ते आकडे हवामानाच्या अंदाजात जातात. छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना दोन दिवस आधी ढगाळ हवेचा निरोप मिळाला तर डावणी या बुरशीरोगाची फवारणी वेळेत होते. नाही मिळाला तर वर्ष हातचं जातं. माझं एकदा गेलंय. घडाच्या देठावर पांढरी बुरशी दिसली, तोवर उशीर झाला होता.
आणि कृत्रिम पावसाच्या अभ्यासासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने कैपेक्स प्रयोगात सोलापूरच निवडलं होतं, कारण आपण घाटाच्या पर्जन्यछायेत. हवा वाचायची विद्या आपल्याला परवडत नाही असं म्हणू नका. तिची गरज आपल्यालाच जास्त आहे.

पाणी_कधी_येणार
साउंडरचं माहीत नव्हतं. मुद्दा पटला. नळाचा राग तसाच आहे, पण तो या धाग्यावर काढत नाही.

कडकभाकरी
एक शंका. वरून बघताना कुठल्या उंचीची हवा कशी आहे हे कसं कळणार? प्रकाश तर सगळ्या थरांतून मिसळूनच येणार ना?

मूळ_बार्शीचा
फार चांगला प्रश्न. गड्ड्याची जत्रा आठवा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला तुम्ही गच्चीवर उभे आहात. गर्दी विरळ असेल तर रस्त्यावर काढलेली रांगोळीसुद्धा दिसते. गर्दी दाटली की नुसती डोकी दिसतात. आणखी दाटली तर सातही नंदीध्वजांचे शेंडे तेवढे.
१५ मायक्रॉनच्या बरोब्बर मध्यावर कार्बन डायऑक्साइड इतका गिळतो की खालची धग वर पोचतच नाही. यानाला दिसते ती सगळ्यांत वरची हवा. मध्यापासून जरा बाजूला सरकलं की गर्दी विरळ होते, मधले थर दिसतात. आणखी बाजूला गेलं की थेट जमीन. एकाच खड्ड्याचा तळ, उतार आणि काठ वेगवेगळ्या उंचीची बातमी देतात. हे सगळे आकडे एकत्र सोडवले की जमिनीपासून वरपर्यंतचं तापमान हाती येतं. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरच्या टीईएस उपकरणाने काही वर्षं मंगळाची हवा रोज अशी वाचली.

डायहाउस
टॉवेलच्या डाइंगमध्ये २२ वर्षं काढलीत. मंगळाचं मला माहीत नाही, पण स्पेक्ट्रम रोज बघतो. ताई, तुमच्या लेकीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलावर आहे असं वाटतं.
पूर्वी आम्ही शेड डोळ्यांनी जुळवायचो. बारा वर्षांपूर्वी एका परदेशी गिऱ्हाइकाचा मोरपंखी रंगाचा लॉट होता. ट्यूबलाइटखाली नमुना आणि आमचा टॉवेल शेजारी ठेवला, दोघांत तसूभर फरक नाही. माल गेला. तिकडे दुकानाच्या काचेजवळ, उन्हात ठेवल्यावर आमचा टॉवेल हिरवट दिसला. पूर्ण लॉट परत. मालकांनी शब्द काढला नाही, पण मी दोन रात्री झोपलो नाही.
याला मेटामेरिझम म्हणतात. डोळा रंग तीनच आकड्यांत मोजतो. दोन वेगळ्या डायचे आलेख साफ निराळे असले तरी एखाद्या उजेडात ते तीन आकडे सारखे भरतात आणि डोळा फसतो. नंतर आमच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर आला. तो ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत दर १० नॅनोमीटरला एक, असे ३१ आकडे घेतो. ३१ आकड्यांना फसवणं अवघड. आजही नवा पोरगा कामाला आला की त्याला मी आधी त्या मोरपंखी टॉवेलचा तुकडा दाखवतो, ट्यूबखाली आणि मग दारात नेऊन.
मला एवढंच विचारायचंय, मंगळयानाचा सेन्सर किती आकडे घ्यायचा?

मूळ_बार्शीचा
डायहाउस काका, तुम्ही नेमकं वर्मावर बोट ठेवलंत.
तो सेन्सर पूर्ण आलेख काढणारा नव्हता. फॅब्री-पेरो एटॅलॉन या गाळणीवर चालणारा रेडिओमीटर, म्हणजे फक्त प्रकाश किती ते मोजणारा होता, वजन तीन किलोच्या आत. १.६५ मायक्रॉनजवळही मिथेनचे बारीक खड्डे, म्हणजे रेघा आहेत; त्यांच्यावरचा प्रकाश एका चॅनेलमध्ये, शेजारचा मिथेन नसलेला प्रकाश दुसऱ्यात. दोन्हींतला फरक म्हणजे मिथेन, अशी ती कल्पना. पृथ्वीसारख्या ठिकाणी, जिथे मिथेन अब्जात १,९०० भागांच्या घरात आहे, असा फरक सापडतो. मंगळावर शोध चालला होता अब्जात जेमतेम काही भागांचा, आणि भोवती कार्बन डायऑक्साइडचा समुद्र. त्याच्या रेघांचा हिस्सा वेगळा काढायला पूर्ण आलेख हवा, तो नव्हता. दोन आकडे जुळले तरी आत कुठला डाय आहे ते कळेना.
म्हणून तो सेन्सर मंगळाच्या जमिनीवरून किती ऊन परत फिरतं याचा नकाशा काढण्यासाठी वापरला. ते काम त्याने केलं.

अक्कलकोटरोड
मग पाहुणे "फेल" म्हणाले ते बरोबरच की. उगाच पांघरूण का घालायचं?

मूळ_बार्शीचा
पांघरूण घालत नाही. मिथेन मोजण्याच्या कामाला तो सेन्सर पुरा पडला नाही, हे लेकीला स्पष्ट सांगावं. फक्त "फेल" म्हणून वाक्य संपवू नये. का पुरा पडला नाही हे सांगितलं की त्यातून पुढचं उपकरण कसं हवं ते कळतं. मुलांसमोर कारण न देता निकाल सांगणं मला चुकीचं वाटतं. बाकी ते यान तंत्र सिद्ध करायलाच पाठवलं होतं. आयुष्य सहा महिने धरलं होतं, २०१४ च्या सप्टेंबरात पोचलं आणि २०२२ पर्यंत संपर्कात होतं.

निवृत्त_जॉबर
तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा होतो. नातवाने धागा वाचून दाखवला, टायपिंग त्याचंच. माझा सवाल, हे यंत्र आलेख काढतं कसं? लोलक घेऊन जातं का वर?
दुसरं सांगायचं म्हंजे, शेडमध्ये २४ माग एकदम चालू असले की बाहेरच्या माणसाला नुसता गदारोळ. मला दारातून कळायचं की सात नंबरचा धोटा आदळायलाय. कान त्या गदारोळातून एक ठोका वेगळा काढतो. डोळे मिटून मिनिटभर उभं राहायचं, बस.

मूळ_बार्शीचा
आजोबा, नमस्कार. तुम्ही जे कानाने करायचात त्यालाच फूरिये स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. काही उपकरणांत लोलकासारखी बारीक रेघांची जाळी असते. मरिनरच्या आयरिसमध्ये आणि युरोपच्या मार्स एक्सप्रेसवरच्या पीएफएसमध्ये मात्र तुमचीच पद्धत आहे. आलेला प्रकाश दोन वाटांनी नेतात, एका वाटेवरचा आरसा हळूहळू सरकवतात आणि दोन्ही प्रकाश पुन्हा एकत्र करून एकाच डिटेक्टरवर पाडतात. आरसा सरकेल तसा प्रत्येक रंग आपल्या ठोक्याने वाढतो-घटतो. डिटेक्टरला ऐकू येतो तो २४ मागांचा गदारोळ. मग गणिताने एकेक ठोका वेगळा काढायचा.
तुम्ही मिनिटभर उभं राहायचं म्हणालात, त्यातच सगळं आलं. एक माग मिनिटाला १२० ठोके मारतो आणि दुसरा १२१. दहा सेकंद ऐकून फरक कळणार नाही, मिनिटभर ऐकलं तरच कळेल. तसंच आरसा जितका लांब सरकेल तितक्या जवळच्या रेघा सुट्या होतात.

निवृत्त_जॉबर
समजलं. आरसा अडकला तर?

मूळ_बार्शीचा
तसंही घडलंय, आजोबा. पीएफएससारखंच उपकरण व्हीनस एक्सप्रेसवर होतं. त्याचा सरकणारा आरसा नाही, पण बाहेर ग्रहाकडे वळणारा आरसा जागेवरच अडकला. उपकरण चांगलं, पण नजर वळेना. यान २००६ ते २०१४ शुक्राभोवती फिरलं आणि त्या उपकरणाला शुक्र दिसला नाही. तिथे जॉबर नेता येत नाही.
पण त्याच यानावरच्या विर्टिस या दुसऱ्या स्पेक्ट्रोमीटरने खूप काम केलं. शुक्राच्या रात्रीच्या बाजूला १.७ आणि २.३ मायक्रॉनला दोन खिडक्या आहेत. तिथे खालच्या तापलेल्या हवेची धग सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांमधून गळते, आणि दाट ढग त्या उजेडापुढे काळे दिसतात. विर्टिसचे डिटेक्टर उणे २०० अंशांच्या आसपास गार ठेवावे लागत, नाहीतर यंत्राची स्वतःचीच धग त्याला दिसली असती.

कडकभाकरी
म्हणजे मे महिन्यात सोलापुरात बसून कुणाचा ताप हाताने बघण्यासारखं. आपलाच हात तापलेला.

विजापूरवेस
किती छान लिहिताय सगळे. लेकीने वहीत खड्डा आणि उंचवटा दोन्ही काढले. तिचा नवा प्रश्न: मग मंगळावर मिथेन आहे की नाही?

मूळ_बार्शीचा
इथे भांडण अजून मिटलेलं नाही. पीएफएसने २००४ मध्ये अब्जात १० भागांच्या आसपास मिथेन सांगितला. क्युरिऑसिटी गाडी गेल विवरात जमिनीवरून लेसरने मोजते, तिला एरवी अब्जात अर्ध्या भागाच्या आसपास दिसतो आणि २०१९ च्या जूनमध्ये एकदा २१ भाग दिसला. आणि मुद्दाम याच कामासाठी पाठवलेलं ट्रेस गॅस ऑर्बिटर, ज्याच्यावर एसीएस आणि नोमॅड हे दोन तगडे स्पेक्ट्रोमीटर आहेत, त्याला काहीच सापडलं नाही. ते सूर्य उगवता-मावळताना हवेच्या कडेतून तिरपं ऊन बघतं, म्हणजे प्रकाश हवेतून खूप लांब चालून येतो. २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की मिथेन असलाच तर अब्जात ०.०५ भागापेक्षा कमी.

अक्कलकोटरोड
माझ्या मते उत्तर त्या धुराच्या थरातच आहे. गाडी रात्री मोजते. रात्री हवा निवांत असते, जमिनीतून झिरपलेलं तिथेच साचतं. दिवसा ढवळून पातळ होतं, आणि वरच्या यानाला जमिनीलगतची हवा धुळीमुळे नीट दिसतच नाही.

मूळ_बार्शीचा
शास्त्रज्ञांनीही हे मांडलंय. पण अडचण अशी की मिथेन मंगळाच्या हवेत साधारण ३०० वर्षं टिकायला हवा. रोज रात्री झिरपत असेल तर साचत साचत सगळ्या ग्रहावर पसरेल आणि ऑर्बिटरला दिसेलच. तो कुठे नाहीसा होतोय याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. मी स्वतः ऑर्बिटरच्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवतो, कारण त्यात रेघा सुट्या दिसतात. माझे काही सहकारी क्युरिऑसिटीच्या बाजूचे आहेत.

डायहाउस
ज्याने पूर्ण आलेख दाखवला त्याचं मी आधी ऐकेन. मोरपंखी लॉटने एवढं शिकवलंय.

अक्कलकोटरोड
ताई, लेकीसाठी एक करून बघा. बॉयलरचे पाइप तपासायला माझ्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक आहे, ८ ते १४ मायक्रॉनमधली धग मोजणारी. मे महिन्यात दुपारी डांबरी रस्त्यावर धरली, ६१ अंश. डिसेंबरात रात्री निरभ्र आकाशाकडे धरली, उणे २३. मग जुलैत ढग भरून आले असताना धरली तर अधिक १४! ढगाने आपली धग खाली पाठवली. कोरड्या हवेत आकडा खाली जातो, दमट हवेत वर येतो. यान वरून खाली बघतं, आपण खालून वर बघायचं. सूर्याच्या दिशेने मात्र धरू नका.

नान्नजकर
हे माहीतच नव्हतं. बागेत पानाचं तापमान बघायला तशीच बंदूक आहे. आज रात्रीच धरतो.

पाणी_कधी_येणार
आमच्याकडे रात्री दोनला सगळी गल्ली जागीच असते. मोजायला मीही येतो. शुक्रावर आपलं काही जातंय का पुढे?

मूळ_बार्शीचा
हो. शुक्र मोहिमेला २०२४ च्या सप्टेंबरात मंजुरी मिळाली, २०२८ च्या मार्चमध्ये सोडायचं ठरवलंय. तुमची लेक तोवर पदवीच्या वर्गात असेल, ताई.

विजापूरवेस
बार्शीकर, तिला हे वाचून दाखवलं. काल तिने कॉलेजात सरांना सांगितलं की सेन्सरला दोनच आकडे मिळत होते आणि मिथेनसाठी पूर्ण आलेख लागतो. सरांनी तिला फळ्यावर खड्डा आणि उंचवटा काढायला लावला. मागाची गोष्टही तिने सांगितली, १२० आणि १२१ ठोक्यांची. आजोबा, वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी माग होते, त्यांना लगेच समजलं.
अक्कलकोटरोड दादा, येत्या शनिवारी रात्री आमच्या गच्चीवर बंदूक घेऊन याल का? लेकीच्या चार मैत्रिणी येणार आहेत. चहा आणि हुरडा आमच्याकडून.

अक्कलकोटरोड
येतो. नऊला पोचतो, पण गच्चीवरचे दिवे बंद ठेवा आणि पोरींना वही आणायला सांगा. दर तासाला एक आकडा लिहायचा, डोक्यावरचा आणि क्षितिजाजवळचा वेगळा.

निवृत्त_जॉबर
नातू मलाबी आणतो म्हणतोय. गच्चीला जिना सरळ हाय का?

विजापूरवेस
सरळ आहे आजोबा, कठडाही आहे. या.